धुऱ्यावरून अंगणात

वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याने काटेरी निवडुंगाची नेमणूक पूर्वापार शेताच्या धुऱ्यावर केली, गुराढोरांपासून पिकाचा बंदोबस्त ठेवण्याचे काम त्याच्याकडे सोपविले, आणि अंगणात मात्र त्याला सहसा येऊ दिले नाही. बंगालमध्ये मनसादेवीचे अधिष्ठान म्हणून निवडुंगाच्याच फांदीची पूजा होते. तेथील गृहस्थाला आपला हा संकोच नवलाचा वाटेल.

असाच मान दुसऱ्या एका निवडुंगाला पेरू देशात आहे. तेथील आंदीज पर्वतात, चाविन दे वांतार येथील प्राचीन देवस्थानाच्या वर्तुळाकार चौकात, सुळे असलेली व सर्पकेशी अशी एक दिव्य आकृती हाती स्तंभासारखा निवडुंग धरून चाललेली कोरली आहे. त्या शिल्पाचे वय अडीच हजार वर्षांहून कमी नाही. स्पॅनिश अंमलात या वनस्पतीला स्वर्गाच्या किल्ल्या बाळगणाऱ्या संत पीटरचे, म्हणजे 'सान पेद्रो' हे नाव पडले, आणि तिकडचे वैदू रात्रीच्या अनुष्ठानात तिला आजही मान देतात. तिच्या गरातील मेस्कलिन हे द्रव्य आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, म्हणून आपला तिच्याशी संबंध दर्शनापुरता असावा हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आपला धुऱ्यावरचा त्रिधारी निवडुंग आणि हा सान पेद्रो यांचे कुळ मात्र एक नाही. त्रिधारीला खरचटताच पांढरा चीक येतो, आणि तो डोळ्यांत गेल्यास इजा करतो. सान पेद्रोच्या अंगात चीक नसतो, आणि त्याचे काटे धारांवरील लवदार गादीतून फुटतात.

ज्याला हा सहा-आठ धारांचा हिरवा स्तंभ वाढवायचा आहे त्याने उन्हापेक्षा पावसाची धास्ती अधिक बाळगावी. दोन-तीन हजार मीटर उंचीवरच्या थंड मुलखातील हे झाड आपल्या वैशाखात करपते खरे, परंतु पश्चिमेला तुराट्यांची ताटी उभी केली की दुपार निभावून जाते. कपाशीला पोसणारी आपली काळी माती मात्र आषाढ-श्रावणात पाणी धरून बसते आणि मुळे कुजवून टाकते, आणि वरचा खांब पिवळा दिसेपर्यंत खालचा मामला आटोपलेला असतो. यास्तव तळाला मोठे छिद्र असलेली मातीची जड कुंडी घ्यावी, तीत निम्म्याहून अधिक जाडी रेती व विटांचे तुकडे मिसळावेत, आणि पावसाळाभर ती पडवीत, पण उजेडात ठेवावी. उन्हाळ्यात माती तळापर्यंत सुकल्यावरच सायंकाळी पाणी द्यावे. थंडीत जवळजवळ देऊच नये. कलम करावयाचे असल्यास कापलेला तुकडा दोन-तीन आठवडे सावलीत ठेवून जखमेवर खपली धरू द्यावी. ओली जखम मातीत गेली की सडलीच.

त्याला फूल येण्यास पुष्कळ वर्षे लागतात, आणि कुंडीत ते येईलच असेही नाही. आले तर रात्री उमलते: वीतभर लांबीचे, शुभ्र, सुगंधी, आणि उन्हे चढेपर्यंत मलूल होणारे. रात्री उमलणाऱ्या फुलाचे कौतुक आपल्याला नवे नाही; महाराष्ट्रातील कित्येक घरांत ब्रह्मकमळ उमलते त्या रात्री शेजाऱ्यांना हाक मारून फुलापुढे निरांजन लावतात. कुंडीतले ते ब्रह्मकमळही मूळचे मेक्सिकोकडील, आणि सान पेद्रोच्याच कुळातले आहे.