विसंगत नोंद : काळाची कसोटी आणि स्थळाची कसोटी

पर्जन्यमापकाची एखादी नोंद इतरांहून फार वेगळी आली, तर ती चूक समजावी की इशारा? अशा असंख्य नोंदी आता संगणक तपासू शकतो. जुन्या नोंदींवरून नेहमीचे काय ते तो शिकतो आणि त्यात न बसणारी नोंद वेगळी काढतो. त्याच्या कसोट्या दोन आहेत.

पहिली काळाची. नोंद त्याच केंद्राच्या आधीच्या दिवसांशी व मागील वर्षांच्या त्याच ऋतूशी ताडली जाते. एप्रिलातील शून्य स्वाभाविक. जुलैत आठवडाभर शून्य आल्यास शंका घ्यावी लागते.

दुसरी स्थळाची. त्याच दिवसांत शेजारच्या सर्व केंद्रांवर पाऊस झाला असेल, तर नरसाळ्यात पालापाचोळा अडकला असण्याचा संभव अधिक. शेजारीही कोरडे असतील, तर पावसाने खरोखरच ओढ दिली आहे असे समजावे.

परंतु या कसोट्यांचा निकाल अंतिम नव्हे. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून २४ तासांत मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास अवघा ७३. मागील वर्षांशी किंवा केवळ कुलाब्याशी तुलना केली असती, तर सांताक्रूझची नोंद चुकीची वाटली असती. अधिक जवळच्या विहार तलावावरील नोंद मात्र हजार मिलिमीटरच्या वर होती. नोंद खरी होती, आणि त्या पुराने शेकडो बळी घेतले.

म्हणून यंत्राने वेगळी काढलेली नोंद पुसून न टाकता तिची जागेवर शहानिशा करावी. नोंद घेणाऱ्यांनीही केंद्र, दिनांक व वेळ अचूक लिहावी. यंत्राची पारख अखेर त्यावरच अवलंबून आहे.