'च' इंग्रजीत कुठे जातो?

गोव्याच्या डिचोली तालुक्यातलं लाटंबार्से गाव दोडामार्गच्या हद्दीजवळ आहे. या भागातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात. पाचवीत गेली की वर्गाची भाषा इंग्रजी होते, आणि 'तू कुठला?' या प्रश्नाला सहज उत्तर येतं, 'आय ॲम फ्रॉम लाटंबार्से ओन्ली.'

हे 'ओन्ली' म्हणजे 'लाटंबार्सेचाच' मधला 'च'. 'टुडे इटसेल्फ' म्हणजे 'आजच'. कोकणीतही 'आयजच' म्हणतात, त्यामुळे घरची भाषा कोणतीही असो, सवय एकच. हिंदीतला 'ही' हेच काम करतो, म्हणून असं इंग्रजी भारतभर ऐकू येतं. इंग्लंडमधल्या माणसाला मात्र 'ओन्ली' म्हटलं की आधी 'फक्त' आठवतं.

मराठीत जोर शब्दाला चिकटून बसतो. 'मीच काल पेडण्याला गेलो', 'मी कालच पेडण्याला गेलो', 'मी काल पेडण्यालाच गेलो': एक अक्षर सरकलं आणि तीन वेगळे अर्थ झाले. इंग्रजीत असं चिकटणारं अक्षर नाही. बोलताना त्या शब्दावर आवाज चढवायचा. लिहिताना वाक्याची मांडणी बदलायची: 'इट वॉज यस्टरडे दॅट आय वेंट', म्हणजे 'कालच गेलो'. क्रियेवरच जोर हवा असेल तर 'डू' किंवा 'डिड' मदतीला येतं. 'आय डिड गो' म्हणजे 'गेलो होतो की!' मुलाच्या वहीतलं 'ओन्ली' लाल शाईने खोडण्याआधी शिक्षकांनी हे 'च'चं गणित फळ्यावर मांडायला हवं. मूल अडाणीपणाने चुकत नाही, ते आपल्या भाषेचं व्याकरण नेमकं पाळत असतं.

'खूप'ची अडचण वेगळी. 'खूप गोड' आणि 'खूप आवडतं' दोन्ही चालतात. 'व्हेरी स्वीट' चालतं, 'आय व्हेरी लाइक' चालत नाही. तिथे 'व्हेरी मच' शेवटी येतं. 'एक्सलंट'मध्ये उत्तमपणा आधीच काठोकाठ असतो, म्हणून त्याच्या आधी 'व्हेरी' नको, 'ॲब्सोल्यूटली' चालेल. 'टू'चा अर्थ 'खूप' नव्हे, 'गरजेपेक्षा जास्त'. 'टू हॉट' चहा तोंड पोळेल म्हणून बाजूला ठेवावा लागतो.

रंगांपाशी मात्र दोन्ही भाषा शेजारी बसतात. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, पिवळाधमक ही आपली जोडगोळी. तिकडे 'पिच ब्लॅक', 'स्नो व्हाइट'. 'पिच' म्हणजे डांबर, 'स्नो' म्हणजे बर्फ. काळाकुट्ट म्हणत वाढलेल्या मुलाला 'पिच ब्लॅक' एकदा सांगितलं तरी पुरतं.