इवलीशी कथा

मातीकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या भद्रावतीच्या बाजारात एक वृद्ध कुंभारीण माठ मांडून बसली होती. एक गृहस्थ आले. त्यांनी प्रत्येक माठ बोटाने वाजवून पाहिला आणि विचारले, "आजी, हा फुटणार तर नाही ना?"

म्हातारी म्हणाली, "माठ फुटलाच नाही, त माह्या घरची चूल कशी पेटन, बापू?"

भोवतालचे लोक खो खो हसले. गृहस्थही हसले आणि पाच रुपये कमी देऊन माठ घेऊन गेले. सायंकाळी म्हातारी थकून घरी आली व माठातले पाणी प्यायली. तिच्या घरचा माठ तडा गेलेला होता. कोणी विकत घेतला नाही, म्हणूनच तो घरी राहिला होता.

ही कल्पित गोष्ट येथेच संपते. तिच्यात 'म्हातारी गरीब होती' असे एकही वाक्य नाही. तरी तिचे दारिद्र्य आपल्याला कळते. तडा गेलेला माठ ते सांगतो. अशा लघुतम कथेत प्रसंग एकच असतो, माणसे दोन-तीन असतात आणि पुष्कळसे न सांगता सुचविलेले असते. उरलेली कथा वाचकाने मनात पुरी करावयाची असते.

मराठीत या कथेला जवळचा असा एक प्रकार आहे. तो म्हणजे नाट्यछटा. पुण्याचे शिक्षक शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजेच 'दिवाकर' (१८८९–१९३१), यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. इंग्रज कवी ब्राउनिंग याच्या काव्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. नाट्यछटेत एकच पात्र बोलते. समोरच्याचे बोलणे आपण त्याच्या उत्तरांवरून ओळखतो. घरातली, कचेरीतली, रस्त्यावरची साधी माणसे त्यांत भेटतात आणि बोलता बोलता आपले अंतरंग उघडे करतात. बंगालीत 'बनफूल' या नावाने लिहिणारे डॉक्टर बलाइचाँद मुखोपाध्याय (१८९९–१९७९) यांच्या अनेक कथा तर एखाद-दुसऱ्या पानातच आटोपतात.

अशा लेखनात विनोद हवाच. परंतु विनोद आणि टवाळी यांत अंतर आहे. टवाळी दुबळ्याला हसते. विनोद त्याच्याजवळ बसून त्याच्याबरोबर हसतो. आपल्या गोष्टीत म्हातारीची फजिती होत नाही. उलट, चातुर्यात तीच गृहस्थांना मागे टाकते. म्हणून आपण प्रथम तिच्या उत्तराला हसतो आणि मग त्या पाच रुपयांचा विचार करू लागतो. गृहस्थांना ते फार थोडे वाटले असतील; म्हातारीला तसे वाटले असतील काय?

हा प्रश्न ज्या वाचकाच्या मनात उभा राहिला, त्याला ती इवलीशी कथा खरोखर समजली.