विश्लेषण : एक डॉलरची पिन महाग का पडते? डिस्नेच्या ‘ट्रेडिंग पिना’ ऑनलाइन घेताना विक्रेता कसा पारखावा?

अमेरिकेतल्या डिस्नेलँडला किंवा डिस्ने वर्ल्डला जाऊन आलेल्या मुलांच्या सामानात अनेकदा एक रंगीत पट्टा सापडतो. गळ्यात अडकवायच्या या पट्ट्यावर मिकी, गूफी, एल्सा अशा पात्रांचे धातूचे छोटे बिल्ले टोचलेले असतात. याच ‘ट्रेडिंग पिना’. उद्यानातल्या दुकानात एक पिन साधारण १० ते २० डॉलरना मिळते. ऑनलाइन मात्र ५० किंवा १०० पिनांचा ‘लॉट’ पिनेमागे जेमतेम एका डॉलरच्या भावाने विकायला असतो. सहलीचा खर्च आधीच मोठा, तेव्हा एवढी तरी बचत करू, असे म्हणून पालक तो मागवून टाकतात. नेमकी तिथेच फसगत होते.

ट्रेडिंग पिन म्हणजे काय?

धातूच्या पत्र्यावर साच्याने चित्र उठवायचे, त्यातल्या खोलगट भागांत मीनाकारीसारखे रंग भरायचे, भट्टीत भाजून गुळगुळीत करायचे आणि पाठीमागे टोचणी बसवायची, अशी ही वस्तू बनते. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झालेल्या नव्या सहस्रकाच्या सोहळ्यात या पिनांची अदलाबदल सुरू झाली आणि पुढे डिस्नेच्या इतर उद्यानांत पसरली. काही पिना कितीही संख्येने काढल्या जातात. काही ‘लिमिटेड एडिशन’ म्हणजे ठरावीक संख्येच्याच असतात आणि ती संख्या पिनेच्या पाठीवर छापलेली असते. काही मालिकांतल्या पिनांवर मिकीच्या डोक्याचा बारीकसा आकार लपवलेला असतो. या ‘हिडन मिकी’ पिना सुरुवातीला दुकानात मिळतच नसत, कर्मचाऱ्यांकडून बदलूनच घ्याव्या लागत.

अदलाबदलीचे नियम कोणते?

उद्यानातल्या अनेक कर्मचाऱ्यांच्या गळ्यातही असाच पट्टा असतो. त्यांना तिथे ‘कास्ट मेंबर’ म्हणतात. त्यांच्या पट्ट्यावरची पिन आवडली, तर आपली एक द्यायची आणि ती घ्यायची. एकास एक. एका कर्मचाऱ्याकडून एका दिवसात जास्तीत जास्त दोन पिना बदलता येतात. पिन धातूची हवी, डिस्नेशी संबंधित हवी आणि तिच्या पाठीवर डिस्नेच्या हक्काची खूण हवी. या व्यवहारात पैसे द्यायचे-घ्यायचे नसतात. लहान मुलांना हा खेळ आवडतो तो यामुळेच. एखादे लाजरेबुजरे मूलही अनोळखी माणसासमोर उभे राहून ‘ही बदलता का?’ असे विचारायला शिकते.

खोट्या पिना येतात कुठून?

पिना बनवण्याचे काम बाहेरच्या कारखान्यांना दिलेले असते. त्यातले बरेचसे कारखाने चीनमध्ये आहेत. तिथून खोटा माल निघण्याच्या मुख्यतः तीन वाटा आहेत. तपासणीत नापास झालेल्या पिना वितळवण्याऐवजी मागल्या दाराने विकल्या जातात. त्याच साच्यावर ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त पिना काढल्या जातात. किंवा खऱ्या पिनेवरून नवा साचा बनवून सरळ नक्कल केली जाते. संग्राहक या सगळ्यांना मिळून ‘स्क्रॅपर’ म्हणतात. पहिल्या दोन प्रकारांत साचा अस्सलच असल्याने चित्र हुबेहूब असते आणि म्हणून मोबाइलच्या पडद्यावर फरक ओळखणे कठीण जाते.

एका खोट्या पिनेने काय बिघडते?

‘मुलांना खेळायलाच तर हवी, खरी काय नि खोटी काय,’ हा युक्तिवाद घरोघर होतो. पिन कायम घरातच राहणार असती तर तो खपलाही असता. पण ट्रेडिंग पिन हातोहात फिरते. गर्दीच्या वेळी कर्मचारी प्रत्येक पिन उलटून तपासत बसत नाही. तो हसून पिन घेतो आणि पट्ट्यावर लावतो. थोड्या वेळाने दुसरे मूल येते, आईवडिलांनी दुकानातून घेऊन दिलेली खरी पिन काढून देते आणि आपली खोटी पिन घेऊन जाते. म्हणजे आपण वाचवलेल्या डॉलरांची किंमत एक अनोळखी मूल मोजते.

अर्थशास्त्रात सोळाव्या शतकातले इंग्रज वित्ततज्ज्ञ थॉमस ग्रेशॅम यांच्या नावाने एक नियम सांगितला जातो : खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावून लावते. ज्याच्याकडे दोन्ही असतात, तो खरे जपून ठेवतो आणि खोटे खपवतो. पिनांच्या बाबतीत हेच होते. जाणकार आपल्या चांगल्या पिना घरी ठेवतात आणि पट्ट्यांवर स्क्रॅपर वाढत जातात.

हातात आलेली पिन कशी ओळखावी?

एकाच खुणेवरून निकाल देऊ नये, चार-पाच खुणा एकत्र पाहाव्यात.

वजन : खरी पिन सहसा हाताला भरीव लागते, नक्कल पत्र्यासारखी हलकी.

कड : खऱ्या पिनेची कड घासून गुळगुळीत केलेली असते. नकलेची कड बोटाला खरखरीत लागते, कधी धातूचे कंगोरेही राहिलेले असतात.

रंग : तिरप्या उजेडात पाहावे. रंगात खड्डे, काळे ठिपके, रेषेबाहेर सांडलेला रंग किंवा पात्राच्या कपड्यांची भलतीच छटा दिसली तर शंका घ्यावी.

पाठ : अलीकडच्या अनेक पिनांच्या पाठीवर मिकीच्या डोक्यांची जाळीदार नक्षी असते. खऱ्या पिनेवर ती थेट कडेपर्यंत जाते. अनेक नकलांत ती अलीकडेच थांबते आणि भोवती सपाट किनार उरते. टोचणीशेजारचे बारीक उंचवटेही नकलेत कधी कधी नसतात. मात्र जुन्या खऱ्या पिनांवर ही नक्षी नसते. त्यामुळे नक्षी नाही म्हणजे खोटी, असे समजू नये.

मिकीच्या आकाराचे रबरी बूच हा मात्र पुरावा नव्हे. असे बूच सुटे, घाऊक भावात मिळतात.

सराफाकडे कसोटीचा दगड असतो, तशी आपल्याकडे एक खात्रीची पिन असावी. डिस्नेच्या अधिकृत दुकानातून एक साधी पिन घ्यावी आणि बाकीच्या तिच्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

मग विक्रेता कसा पारखायचा?

वरच्या सगळ्या खुणा पिन हातात आल्यावरच्या आहेत. ऑनलाइन खरेदीत आपण पैसे आधी देतो, पिन नंतर पाहतो. म्हणून वस्तूआधी विक्रेत्याची परीक्षा घ्यावी लागते.

फोटो मागा : विकायच्या त्याच पिनेचे, पुढचे आणि पाठीमागचे. ‘फोटो नमुन्यादाखल आहे, पिना वेगळ्या येतील’ अशी ओळ असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. महागडी पिन असेल तर चिठ्ठीवर आजची तारीख लिहून, ती पिनेशेजारी ठेवून फोटो पाठवायला सांगावे. ज्याच्याकडे पिन खरोखर आहे, त्याला हे दोन मिनिटांचे काम आहे.

मूळ विचारा : ‘ही कुठे, केव्हा घेतली?’ या साध्या प्रश्नाला संग्राहक उत्साहाने उत्तर देतो. कोणत्या उद्यानातली, कोणत्या मालिकेतली, पट्ट्यावरून बदललेली की दुकानातून घेतलेली, हे त्याला माहीत असते. पट्ट्यावरून बदललेली असेल तर ती खरी असल्याची खात्री त्यालाही कमीच, हेही तो मोकळेपणाने सांगतो.

शब्द नीट वाचा : ‘उद्यानात बदलता येतील’ आणि ‘अस्सल आहेत’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. कर्मचारी सहसा नकार देत नाहीत, एवढाच पहिल्या वाक्याचा अर्थ. लॉट विकणारे अनेक जण तेवढेच लिहितात आणि दुसरे वाक्य वाचणाऱ्याने मनात जोडून घ्यावे, अशी सोय करून ठेवतात.

साठा पाहा : खासगी संग्रह विकणाऱ्याचा माल संपतो. एखाद्याकडे महिनोन्‌महिने ‘१०० पिना, एकही दुबार नाही’ असे लॉट निघतच असतील आणि त्यात मोजक्या संख्येत निघालेल्या पिनाही डोकावत असतील, तर हिशेब जुळत नाही. जगात काहीशेच असलेली पिन एका डॉलरला विकायला कुणाही जाणत्याला परवडणार नाही.

तारे नव्हे, तक्रारी वाचा : इथे पंचतारांकित अभिप्रायांवर विसंबता येत नाही. ‘पार्सल लवकर आले, मुले खूश’ असे लिहिणाऱ्याला पिना खोट्या असल्याचे कळलेलेच नसते. म्हणून एक आणि दोन तारे देणाऱ्यांनी काय लिहिले आहे ते आधी वाचावे. ‘हलक्या’, ‘कडा खरखरीत’, ‘रंग उडालेले’ हे शब्द वारंवार दिसले तर त्या दुकानातून काढता पाय घ्यावा.

पडताळा घ्या : हौशी संग्राहकांनी पिनांच्या ऑनलाइन सूची तयार केल्या आहेत. त्यात पिनेचे चित्र, वर्ष आणि किती निघाल्या याची माहिती सापडते. विक्रेत्याचे म्हणणे तिच्याशी ताडून पाहावे.

‘फॅन्टसी पिन’ खोटी असते का?

ही वेगळी जात आहे. चाहते स्वतः चित्र काढून, डिस्नेच्या पात्रांवर स्वतःच्या कल्पनेच्या पिना बनवून घेतात. ती कुठल्या खऱ्या पिनेची नक्कल नसते, पण कंपनीचा परवानाही नसतो. काही संग्राहक त्यांना मोठी किंमत देतात. उद्यानात मात्र त्या बदलता येत नाहीत. विक्रेत्याने ‘फॅन्टसी’ असे स्पष्ट लिहिले असेल तर काय घेतो आहोत ते आपल्याला ठाऊक असते. ते लपवले असेल तर ती फसवणूकच.

पैसे कसे द्यावेत?

ज्या मार्गाने दिलेले पैसे परत मागता येतात, त्याच मार्गाने. ईबेच्या परतावा-हमीत वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर साधारणपणे ती मिळाल्यापासून ३० दिवसांत तक्रार करता येते. अस्सल म्हणून विकलेली खोटी वस्तू त्यात मोडते. पेपालवर ‘वस्तू आणि सेवा’ या प्रकारात पैसे दिले तर वाद उपस्थित करायला १८० दिवस मिळतात. मात्र शुल्क वाचवण्यासाठी ‘मित्र आणि कुटुंब’ या प्रकारात पैसे पाठवले तर हे संरक्षण राहत नाही. विक्रेता नेमका तोच आग्रह धरत असेल किंवा ‘व्यवहार संकेतस्थळाबाहेर करू, स्वस्तात देतो’ म्हणत असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

भारतातून मागवताना काय लक्षात ठेवावे?

परदेशी विक्रेत्याला पैसे देताना क्रेडिट कार्ड सोयीचे. फसवणूक झाल्यास बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागता येतो. यूपीआयने अनोळखी माणसाला पाठवलेले पैसे परत मिळवणे त्यापेक्षा कितीतरी कठीण. पार्सलवर ‘भेटवस्तू’ असे लिहिले म्हणून सीमाशुल्क आपोआप माफ होत नाही. त्यामुळे पिनेची किंमत, टपालखर्च आणि शुल्क यांची बेरीज करूनच भाव स्वस्त की महाग ते ठरवावे.

विक्रेता भारतीय संकेतस्थळावर असेल तर २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू होतात. त्यानुसार विक्रेत्याची माहिती ग्राहकाला मिळाली पाहिजे. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात तिचे निवारण करायचे असते. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

ऑलिम्पिकच्या पिनांनाही हेच लागू का?

बऱ्याच अंशी. ऑलिम्पिकमधली बिल्ल्यांची परंपरा तर डिस्नेपेक्षा फार जुनी आहे. १८९६ च्या अथेन्स स्पर्धेत खेळाडू, पंच आणि अधिकारी ओळखू यावेत म्हणून पुठ्ठ्याचे बिल्ले वापरले गेले. पुढे देशोदेशीचे खेळाडू आपापल्या बिल्ल्यांची अदलाबदल करू लागले. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये कोका-कोलाने त्यासाठी खास केंद्रच उघडले.

२०२८ चे ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला आहे. १९०० नंतर प्रथमच त्यात क्रिकेट असेल, म्हणजे भारतीय प्रेक्षकही मोठ्या संख्येने जाणार. डिस्नेलँड तिथून जवळच, ॲनाहाइममध्ये. दोन्ही प्रकारच्या पिनांच्या ऑनलाइन जाहिराती तेव्हा आपल्याही मोबाइलवर दिसू लागतील. फरक एवढाच की ऑलिम्पिकच्या पिना एकाच कंपनीच्या नसतात. देशांच्या समित्या, प्रायोजक, प्रसारमाध्यमे असे प्रत्येक जण आपापल्या काढतात. त्यामुळे पाठीवरच्या नक्षीसारखी सामाईक खूण तिथे नाही. ती पिन कुणाकडून कुणाकडे आली, हा प्रश्न तिथे अधिकच मोलाचा.

खोटा लॉट आधीच घरात आला असेल तर?

आधी फोटो काढावेत, मुदतीत तक्रार करून पैसे परत मागावेत. ते जमले नाही तरी त्या पिना अदलाबदलीच्या पट्ट्यावर लावू नयेत. मुलाच्या दप्तरावर, टोपीवर, खोलीतल्या फळ्यावर त्या खुशाल मिरवाव्यात. पट्ट्यावर मात्र अधिकृत दुकानातून घेतलेल्या चार-पाचच खऱ्या पिना असाव्यात. एकास एक असा व्यवहार असल्याने पाच पिनांवर सहलीभर अदलाबदल करता येते, शंभरांची गरज पडतच नाही. पाचांची किंमत पडते ५० ते १०० डॉलर, म्हणजे साधारण स्वस्तातल्या लॉटइतकीच. आणि समोरच्या मुलाच्या हातात आपण जे ठेवतो, ते खरे असते.