गिटारीची जन्मतारीख

एखाद्या कार्यक्रमात तुम्ही इलेक्ट्रिक गिटार पाहिली असेल. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबकांभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे विद्युतदाब निर्माण होतो. हे तुम्ही शिकलाच आहात. आज प्रश्न वेगळा आहे : अशी एखादी जुनी गिटार नेमकी कधी तयार झाली, हे कसे ओळखायचे?

प्रश्न पैशाचाही आहे. अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' ही गिटार बाजारात आणली. तिच्या सुरुवातीच्या वर्षांतील नगाला आज लाखो रुपये पडतात. साहजिकच खोटे वर्ष सांगून गिऱ्हाइकाला गंडवणारेही आहेत.

गिटारीवर अनुक्रमांक असतो, तो वाचला की झाले, असे तुम्ही म्हणाल. कधी कधी ते खरेही असते. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने १९७७ मध्ये आठ अंकी क्रमांक सुरू केले. समजा, क्रमांक ७२०५९५१२ आहे. पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष : ७९. मधले तीन अंक २०५, म्हणजे वर्षाचा २०५ वा दिवस. जूनअखेर १८१ दिवस होतात, म्हणून तारीख आली २४ जुलै १९७९. शेवटचे तीन अंक त्या दिवसाचा नग सांगतात; तेव्हा ५०० च्या आतले आकडे कॅलमझू गावच्या कारखान्याचे आणि पुढचे नॅशव्हिलचे. किती सोपे! पण याच कंपनीने १९६० नंतरच्या दशकात तेच ते क्रमांक निरनिराळ्या वर्षी पुन्हा वापरले होते.

फेंडरची गंमत आणखी निराळी. तेथे क्रमांक धातूच्या एका पट्टीवर कोरलेला असे आणि ती पट्टी गिटारीच्या मानेमागे चार स्क्रूंनी बसवत. पट्ट्या क्रमाने तयार होत, पण कामगार पेटीतून हाताला लागेल ती उचलत. धान्याच्या कोठीत नवे धान्य वर ओतून वरूनच काढत गेलो, तर तळाचे जुने तसेच राहते. येथेही तेच झाले. त्यामुळे लहान क्रमांकाची गिटार मोठ्या क्रमांकाच्या गिटारीनंतर बनलेली असू शकते. १९७६ पासून क्रमांक गिटारीच्या डोक्यावर आला. 'ई' म्हणजे ऐंशीचे दशक आणि 'ई४' म्हणजे १९८४. तरीही 'ई४' छापलेल्या गिटारी १९८७ पर्यंत बाहेर पडत राहिल्या! शिवाय चार स्क्रूंची पट्टी बदलायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

तेव्हा जाणकार गिटार उघडतात. मानेच्या टोकाला पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख सापडते. आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखाली पोटेन्शिओमीटर, म्हणजे बदलता रोध असतो. त्याच्या पाठीवरही आकडे असतात. समजा, ३०४६३२० असे आहेत. ३०४ हा स्टॅकपोल या उत्पादकाचा संकेत, ६३ म्हणजे १९६३ आणि २० म्हणजे विसावा आठवडा, मे महिन्याचा मध्य. मानेवर मात्र मार्च १९६३ आहे. मग गिटार मार्चची की मेची?

येथे गणितातली असमता उपयोगी पडते. कोणतीही वस्तू तिच्या सर्वांत नव्या भागापेक्षा जुनी असू शकत नाही. म्हणून ही गिटार मे १९६३ च्या मध्याआधीची नाही. किती नंतरची, हे मात्र यावरून ठरत नाही. फेंडरकडे १९६६ साली रोधांचा एवढा मोठा साठा आला की १९६९ च्या गिटारींतही ते सापडतात. आणि हा सारा तर्क रोध मूळचाच असेल तर! म्हणून आधी सोल्डरचे जोड भिंगातून पाहायचे : दुरुस्तीत रोध बदलला असेल, तर नवे जोड बहुधा वेगळे दिसतात.

आता एक तुमच्यासाठी. समजा, गिब्सनच्या एका गिटारीवर ८०६०४१२३ हा क्रमांक आहे. ती कोणत्या गावची आणि कोणत्या तारखेची? वहीवर मांडून पाहा. उत्तर १ मार्च आले, तर ते वर्ष किती दिवसांचे होते हे एकदा तपासा.