घराच्या भिंती : बाहेर काय, आत काय?

आखातात वर्षानुवर्षे राबून जमवलेल्या पैशातून कोकणातल्या मोहल्ल्यांत घरे उभी राहतात. फरशी आणि रंगाची चर्चा घरात महिनोन्महिने चालते. भिंत कशाची, हे मात्र ठेकेदारावर सोडले जाते. रंग पाच वर्षांनी बदलता येतो, भिंत बदलता येत नाही.

बाहेरच्या आणि आतल्या भिंतीचे काम वेगळे असते. बाहेरची भिंत ऊन आणि पाऊस झेलते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. स्लॅब-कॉलमच्या घरातली आतली भिंत फक्त खोल्या वेगळ्या करते.

बाहेरची भिंत : इथे आपला जांभा चिरा उत्तम. तो जवळ मिळतो, मजबूत असतो आणि जाड भिंतीमुळे घर थंड राहते. खाणीतून काढल्यावर तो मऊ असतो, हवेत राहून टणक होतो. म्हणून चिरे लगेच न लावता काही आठवडे उघड्यावर सुकू द्यावेत. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे गोळे दिसणारा चिरा नाकारावा. जांभा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो. म्हणून पावसाच्या माऱ्याच्या बाजूला सांधे नीट भरून दोन थरांचे, वॉटरप्रूफिंग मिसळलेले प्लास्टर करावे, खिडक्यांवर छज्जे काढावेत. जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून जोत्यावर काँक्रीटचा ओलरोधक थर हवाच.

आतली भिंत : इथे चिऱ्याची जाडी जागा खाते. चार इंची वीट किंवा एएसी ब्लॉक पुरेसा. ब्लॉक विटेच्या साधारण तिप्पट हलका असल्याने वरच्या मजल्यावर बीमवरचा भार कमी होतो. मात्र गिझर किंवा जड कपाट टांगायचे तिथे साधा खिळा टिकत नाही. न्हाणीघर आणि वुजूची जागा रोज भिजते. तिथे पक्की वीट आणि वॉटरप्रूफ प्लास्टर बरे.

वीट घेताना दोन विटा एकमेकींवर आपटाव्यात. खणखणीत आवाज आला तर ती नीट भाजलेली. लावण्यापूर्वी वीट पाण्यात भिजवावी. ब्लॉक मात्र बुडवू नये, वरून पाणी शिंपडावे. जिथे ब्लॉक कॉलमला मिळतो तिथे जाळी मारून प्लास्टर करावे, नाहीतर तडा जातो.

कोणतेही साहित्य असो, सिमेंटच्या बांधकामाला किमान सात दिवस पाणी मारणे चुकवू नये. घरमालक परदेशात असेल तर ही जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी, आणि कुठे काय लावायचे हे ठेकेदाराशी करारातच लिहून घ्यावे.