निर्णय घेतलात, पण कसा?

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात 1209, नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट इथे एक साधी बैठी इमारत आहे. अडीच लाखांहून अधिक कंपन्यांचा कागदोपत्री पत्ता हाच. कारखाना टेक्सासात, मुख्यालय शिकागोत, नोंदणी मात्र इथे. कारण कंपनी ज्या राज्यात नोंदवलेली, तिथलाच कायदा तिच्या संचालकांना लागतो. डेलावेअरची वस्ती जेमतेम दहा लाखांची, पण त्याच्याकडे चॅन्सरी कोर्ट आहे.

हे कोर्ट 1792 चं. इंग्लंडच्या जुन्या चॅन्सरीचा वारसा सांगणारं, कायद्याच्या अक्षरापेक्षा न्यायबुद्धीवर चालणारं. इथे ज्यूरी नसते. एक चॅन्सेलर, सहा व्हाइस चॅन्सेलर, प्रत्येकाची मुदत 12 वर्षं. कंपन्यांचं माहेर आधी शेजारचं न्यू जर्सी होतं. 1913 मध्ये वुड्रो विल्सन यांनी गव्हर्नरपद सोडता सोडता तिथे कडक कायदे केले आणि कंपन्यांनी नदी ओलांडली.

संचालकाची मुख्य कर्तव्यं दोन: निष्ठा आणि दक्षता. निष्ठा म्हणजे कंपनीच्या ताटातलं आपल्या पानात ओढायचं नाही, इतकं सरळ. दक्षतेचं प्रकरण अवघड. धंद्यातला निर्णय फसला म्हणून कोर्ट संचालकाला धरत नाही. तो कसा घेतला, हे विचारतं.

रेल्वेचे डबे भाड्याने देणारी शिकागोची 'ट्रान्स युनियन' हे याचं गाजलेलं उदाहरण. 1980 च्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी प्रमुख जेरोम व्हॅन गोरकम यांनी संचालक मंडळापुढे 20 मिनिटं तोंडी माहिती ठेवली. बैठक दोनेक तासांत आटोपली आणि कंपनी विकायचं ठरलं. करारावर सही झाली त्याच संध्याकाळी, ऑपेराच्या उद्घाटन समारंभात, न वाचता! बाजारात 38 डॉलरच्या आसपास असलेल्या शेअरला 55 डॉलर मिळत होते, म्हणजे भागधारकांचा तोटा दिसत नव्हता. चॅन्सरीने संचालकांना सोडलं. पण 1985 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: हा घोर निष्काळजीपणा.

देशभरच्या संचालकांच्या पोटात गोळा आला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला. निष्काळजीपणाच्या भरपाईतून संचालकांना सूट देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. 2022 मध्ये ती काही बाबतींत वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत पोचली. मला हे घाईचं वाटतं.

निष्ठेला मात्र सूट नाही, आणि निष्ठेत देखरेखही येते. 'ब्लू बेल' आइस्क्रीममधल्या लिस्टेरिया जंतूंनी तीन जण दगावले. धंदा फक्त आइस्क्रीमचा, तरी अन्नसुरक्षेवर लक्ष ठेवायला मंडळाची समिती नव्हती. इथेही चॅन्सरीने संचालकांवरचा दावा फेटाळला होता. 2019 मध्ये वरच्या कोर्टाने तो पुन्हा उभा केला.

2024 मध्ये उलट घडलं. चॅन्सेलर कॅथलीन मॅककॉर्मिक यांनी इलॉन मस्क यांचं टेस्लातलं सुमारे 56 अब्ज डॉलरचं मोबदला पॅकेज रद्द केलं; दावा लावणाऱ्याकडे अवघे 9 शेअर होते. चिडलेल्या मस्क यांनी टेस्लाची नोंदणी टेक्सासला हलवली. आणखी कंपन्या जातील या धास्तीने डेलावेअरने मार्च 2025 मध्ये नियंत्रक भागधारकांना सोयीचा कायदा केला. डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मस्क यांचं पॅकेजही परत दिलं. टेस्लाची नोंदणी मात्र टेक्सासातच राहिली.